सायकल व पादचारी मार्ग, नागरी

शहरातील सार्वजनिक रस्त्याच्या रुंदीपैकी पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी राखलेल्या आणि मोटार वाहनांच्या मार्गापासून अलग केलेल्या पट्ट्यांना अनुक्रमे पदपथ व सायकल मार्ग असे म्हणतात. रस्ता ओलांडण्याच्या जागा, चौकांतील व्यवस्था, पुलांवरील वाटा, बसथांब्यांपर्यंतचे जोडमार्ग, दिवाबत्ती आणि पाण्याचा निचरा यांचाही या व्यवस्थेत समावेश होतो. यांपैकी एखादा भाग तुटला, तर उरलेल्या भागांची उपयुक्तताही मोठ्या प्रमाणात नाहीशी होते. म्हणून सलगता हा या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा गुण मानला जातो. प्रस्तुत नोंदीत या मार्गांची गरज, इतिहास, अभिकल्प व देखभाल यांचे विवेचन केले असून त्यासाठी मुख्यत्वे पिंपरी-चिंचवड शहरातील सांगवी परिसराचे उदाहरण घेतले आहे. [⟶ रस्ते; सायकल].

गरज : रस्त्यावरील अपघातात मोटारीतील प्रवाशाभोवती पोलादी कवच असते, पादचारी व सायकलस्वार यांना मात्र असे कोणतेही संरक्षण नसते. भारतात २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रस्त्यावर मरण पावणाऱ्या सु. पाच जणांपैकी एक जण पायी चालणारा होता.

आघाताची तीव्रता मुख्यतः वाहनाच्या वेगावर अवलंबून असते. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ६० किमी. वेगाच्या वाहनाची ऊर्जा ताशी ३० किमी. वेगाच्या त्याच वाहनाच्या चौपट असते. थांबण्यास लागणारे अंतरही असेच वाढते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर वाहनाचा वेग दर सेकंदाला ७ मी./से. या प्रमाणात घटतो असे धरल्यास, ताशी ३० किमी. वेगाची मोटार सु. १३ मी. अंतरात थांबते, ताशी ५० किमी. वेगाच्या मोटारीस सु. २८ मी. अंतर लागते. पुढे २० मी. अंतरावर एखादे मूल रस्त्यात आले, तर पहिली मोटार त्याच्यापाशी पोहोचण्यापूर्वीच उभी राहील. दुसरी त्याच्यावर आदळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सु. ४ टक्क्यांनी वाढतो. यावरून दोन तत्त्वे निघतात : जेथे वेग जास्त ठेवणे आवश्यक असते, तेथे चालणारे व सायकलस्वार यांना अलग जागा द्यावी, जेथे अलग जागा देता येत नाही, तेथे वेग कमी करावा.

इतिहास : नेदर्लंड्समधील उत्रेक्त शहरात १८८५ मध्ये मालीबान या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी वाट करण्यात आली. अशा प्रकारच्या आरंभीच्या वाटांमध्ये तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, तशी यूरोपातील अनेक शहरांनी रस्ते मोटारींसाठी रुंद केले व सायकली मागे पडल्या. नेदर्लंड्समध्ये १९७१ साली रस्ते-अपघातांत ३,००० हून अधिक लोक मरण पावले; त्यांत ४०० हून अधिक मुले होती. याविरुद्ध पालकांनी चळवळ उभारली. पुढे १९७३ मध्ये खनिज तेलाची टंचाई उद्‌भवली आणि त्या देशाच्या धोरणाला वळण मिळाले. तेथील शासनाने प्रथम द हेग व टिलबर्ख या शहरांत प्रत्येकी एक उत्तम नमुना मार्ग बांधला. हे मार्ग चांगले असूनही शहरातील सायकलींचा एकूण वापर अपेक्षेइतका वाढला नाही. त्यानंतर डेल्फ्ट शहरात १९८० नंतरच्या काही वर्षांत तुटक दुवे जोडून संपूर्ण शहराचे जाळे पुरे करण्यात आले आणि तेथे सायकलींचा वापर वाढला. एकट्या भव्य मार्गापेक्षा साधे पण अखंड जाळे अधिक उपयोगी पडते, हा धडा या प्रयोगांतून मिळाला. स्पेनमधील सेव्हिल या शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत सु. ८० किमी. लांबीचे जोडलेले मार्ग बांधून हेच सूत्र उष्ण हवामानातही लागू पडते, हे दाखवून दिले.

महाराष्ट्रात पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीवर नगरपालिकेचा कर असे, कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे आणि रात्री दिव्याशिवाय सायकल चालविणे हा गुन्हा असे. कारखान्यातील कामगार, विद्यार्थी, कारकून व दूधवाले यांचे ते सर्वसाधारण वाहन होते. स्कूटर व मोटारसायकल स्वस्त झाल्यावर सायकलींचे प्रमाण झपाट्याने घटले. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज व हडपसर या भागांत जलद बसवाहतुकीचा प्रायोगिक मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यालगत सायकल मार्गही बांधण्यात आले. तथापि झाडे, खांब, रोहित्रे व दुकानांसमोरील उतार यांमुळे ते ठिकठिकाणी खंडित झाले आणि सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर आले. या अनुभवानंतर पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण व रस्त्यांच्या अभिकल्पाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ८०० किमी.हून अधिक लांबीचे जाळे सुचविणारा सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्ता व औंधमधील काही रस्ते यांवर रुंद पदपथ बांधण्यात आले.

सांगवी परिसर : सांगवी हे मुळा व पवना या नद्यांच्या संगमालगत, दोन्ही नद्यांच्या मधल्या भूभागावर वसलेले गाव असून ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या (स्थापना १९८२) हद्दीत मोडते. जुनी सांगवी हा मूळ गावठाणाचा भाग. त्यातील रस्ते अरुंद व वळणांचे आहेत. नवी सांगवी व लगतचे पिंपळे गुरव हे भाग औद्योगिक वाढीबरोबर दाट वस्तीचे झाले. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना (१९५४) आणि नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) विकसित केलेली पिंपरी, चिंचवड व भोसरी ही क्षेत्रे, तसेच अलीकडील काळातील हिंजवडी व चाकण येथील उद्योग यांमुळे कामगारांची मोठी वस्ती या पट्ट्यात झाली.

सांगवीचे भौगोलिक स्थान या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. दक्षिणेस औंध व पुणे यांकडे जाण्यासाठी मुळा नदी, तर पूर्वेस दापोडी व जुन्या मुंबई–पुणे रस्त्याकडे जाण्यासाठी पवना नदी ओलांडावी लागते. पश्चिमेच्या बाजूस लष्करी क्षेत्र असल्यामुळे तिकडील वाटाही मोजक्याच आहेत. परिणामी दैनंदिन वाहतूक काही थोडे पूल व सांगवी फाट्यासारखे चौक यांवर एकवटते. पुलाच्या तोंडाशी पदपथ संपला किंवा फाट्यावर सायकलस्वाराला अवजड वाहनांत शिरावे लागले, तर पर्यायी वाट नसते. घरापासून पुलापर्यंतचा मार्ग कितीही चांगला असला, तरी सावध माणूस सायकल घरीच ठेवतो. फाट्यालगत शासकीय जिल्हा रुग्णालय असल्याने रुग्ण, वृद्ध व त्यांचे नातेवाईक यांची येथे पायी ये-जा असते. त्यांच्या दृष्टीने रस्ता ओलांडण्याची सोय ही रुग्णसेवेचाच भाग ठरते.

सामान्य सायकलस्वार ताशी सु. १५ किमी. वेगाने २० मिनिटांत ५ किमी. अंतर कापतो. सांगवीहून औंध, दापोडी, कासारवाडी व पिंपरी ही ठिकाणे सु. अर्ध्या तासाच्या आत येतात. भोसरी व हिंजवडी ही त्याहून थोडी दूर आहेत. चाकण मात्र नित्याच्या सायकल-प्रवासाच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे तेथील कामगार कंपनीच्या किंवा सार्वजनिक बसने जातात. असा प्रत्येक बसप्रवास पायी सुरू होतो व पायीच संपतो. पहाटेच्या पाळीला निघालेला किंवा रात्रपाळी संपवून परतलेला कामगार अंधारात चौकापर्यंत चालत येत असल्याने पदपथावरील दिवे त्याच्या दृष्टीने अत्यावश्यक असतात.

औंध–रावेत हा ४५ मी. रुंदीचा रस्ता सांगवी फाट्यावरून जातो. याच रस्त्याने जाणारा सांगवी ते किवळे हा जलद बसमार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरील (६१ मी.) दापोडी–निगडी बसमार्ग सुरक्षिततेचे परीक्षण झाल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये वापरात आला. दापोडी येथील मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाल्यामुळे पवना नदी ओलांडून तेथवर चालत वा सायकलीने जाण्याच्या वाटेचे महत्त्व वाढले आहे. स्मार्ट सिटी योजनेत पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर येथील रस्त्यांची पुनर्रचना हाती घेण्यात आली. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या सायकलविषयक स्पर्धेत निवडल्या गेलेल्या ११ शहरांत पिंपरी-चिंचवडचा समावेश होता.

रुंदीची वाटणी : पदपथ व सायकल मार्ग यांना विरोध करताना रस्त्याची रुंदी अपुरी असल्याचे सांगितले जाते. मोठ्या रस्त्यांबाबत हे नेहमीच खरे नसते. उदा., ४५ मी. रुंदीच्या रस्त्यात दोन्ही बाजूंस प्रत्येकी २·५ मी. पदपथ व २·५ मी. सायकल मार्ग धरल्यास १० मी. लागतात. प्रत्येक दिशेस ३·५ मी.ची एक बसपट्टी व ३·२५ मी.च्या दोन मोटारपट्ट्या यांना एकूण २० मी. पुरतात. उरलेले १५ मी. झाडे, गटारे, दुभाजक, बसस्थानके, रिक्षाथांबे व मर्यादित वाहनतळ यांसाठी वापरता येतात. तात्पर्य, अशा ठिकाणी प्रश्न मुख्यतः जागेच्या वाटणीचा असतो. याउलट जुन्या सांगवीसारख्या गावठाणातील ६ ते ९ मी. रुंदीच्या गल्ल्यांत वेगळे मार्ग बसविण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय. तेथे बाहेरील वाहनांची आरपार वाहतूक थांबवून व वेग ताशी २० ते ३० किमी.पर्यंत उतरवून संपूर्ण रस्ता सर्वांनी मिळून वापरणे हाच योग्य उपाय ठरतो.

पदपथाचा अभिकल्प : भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १·८ मी. रुंदीची व २·२ मी. उंचीची जागा पूर्णपणे अडथळामुक्त असावी. दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील, हा यामागील हिशेब आहे. खांब, झाडे, कचराकुंड्या, विजेच्या पेट्या व फेरीवाले यांच्यासाठी रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र पट्टा ठेवतात, तर इमारतीच्या बाजूस दुकानापाशी थांबणाऱ्यांसाठी थोडी जागा सोडतात. पदपथाची उंची १५ सेंमी.पेक्षा अधिक नसावी. पदपथ उंच केल्याने वाहने वर चढत नाहीत, असा समज आहे. प्रत्यक्षात वृद्ध, गरोदर स्त्रिया व ओझे वाहणारे लोक अशा पदपथावर चढण्याऐवजी खालूनच चालतात.

इमारतींच्या प्रवेशद्वारांशी पदपथ खाली उतरवून पुन्हा वर चढविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यामुळे दर पंधरा-वीस मीटरांवर चढउतार होतो. याऐवजी पदपथ एकाच पातळीवर ठेवून मोटारीसाठी त्याच्या कडेला लहान उतार करावा, म्हणजे थांबण्याची जबाबदारी मोटारीवर येते. हाच न्याय छोट्या उपरस्त्यांच्या तोंडाशी लागू करून तेथे पदपथाच्या पातळीचे उंच ओलांडपट्टे बांधतात.

सायकल मार्गाचा अभिकल्प : एका दिशेच्या सायकल मार्गाची रुंदी किमान २ मी. असावी, म्हणजे एक सायकल दुसरीला ओलांडून जाऊ शकते. पृष्ठभाग गुळगुळीत डांबरी वा काँक्रीटचा असावा. लहान ठोकळ्यांच्या फरसबंदीवर सायकल हादरते व तिचा वेग कमी होतो. गटारावरील जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात; उभ्या असल्यास त्यांत सायकलचे चाक अडकते. मार्गास बाजूने सौम्य उतार नसल्यास पावसाळ्यात पाणी साचून खड्डे दिसेनासे होतात. उभ्या मोटारी व सायकल मार्ग यांमध्ये मोटारीचे दार उघडेल एवढी मोकळी पट्टी सोडावी लागते.

सायकल मार्गावर मोटारसायकली शिरणे ही आपल्याकडील मोठी अडचण आहे. ती टाळण्यासाठी मार्गाच्या तोंडाशी खुंट रोवतात. परंतु स्कूटर व सायकल यांच्या रुंदीत फारसा फरक नसल्यामुळे खुंटांनी स्कूटर अडत नाही. अडते ती अपंगांची तीनचाकी व मालवाहू सायकल. म्हणून खुंट मोटारींना अडविण्यापुरतेच वापरावेत. दुचाकींसाठी सलग कडेचा दगड व चौकांतील सक्त अंमलबजावणी हेच उपाय उरतात.

चौक व ओलांडण्याच्या जागा : सायकल व मोटार यांचे मार्ग सर्वाधिक वेळा चौकांत छेदतात आणि आपले बहुतेक सायकल मार्ग नेमके तेथेच संपतात. वळणाची त्रिज्या मोठी असल्यास वाहने वेग न उतरविता डावीकडे वळतात. त्रिज्या लहान केल्यास त्यांना वेग कमी करावा लागतो व ओलांडण्याचे अंतरही घटते. सायकल मार्गाची रंगीत पट्टी चौकातून आरपार नेतात व सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखतात.

सेकंदाला १·२ मी. चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीस ४५ मी. रुंदीचा रस्ता एका दमात ओलांडण्यास सु. ३८ सेकंद लागतात. सेकंदाला ०·८ मी. चालणाऱ्या वृद्धास सु. ५६ सेकंद. एवढा वेळ हिरवा दिवा क्वचितच मिळतो. म्हणून दुभाजकापाशी किमान चाकाची खुर्ची सामावेल एवढे आश्रयस्थान ठेवून ओलांडणे दोन टप्प्यांत विभागतात. पादचारी पूल व भुयारी मार्ग हे द्रुतगती मार्गांवर अपरिहार्य असले, तरी शहरी रस्त्यावर त्यांचा उपयोग मर्यादित असतो. जिने चढण्याचा त्रास टाळून लोक खालूनच रस्ता ओलांडतात. बसथांब्यापाशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून नेल्यास उतरणारे प्रवासी, बस व सायकली यांची टक्कर टळते.

नदीकाठच्या वाटा : सांगवीसारख्या ठिकाणी नदीकाठाने सायकल मार्ग नेण्याची कल्पना आकर्षक वाटते. तथापि मुळशी व पवना धरणांतून पाणी सोडल्यावर येथील सखल भाग पाण्याखाली जातो. शिवाय निर्मनुष्य वाटेवरून रात्री जाणे, विशेषतः स्त्रियांना, सुरक्षित वाटत नाही. म्हणून अशा वाटा विरंगुळ्यासाठी चांगल्या असल्या, तरी कामावर जाण्याचे मार्ग दुकाने व वस्ती असलेल्या रस्त्यांवरूनच असणे आवश्यक असते.

देखभाल व अंमलबजावणी : बांधकामानंतर काही महिन्यांतच केबल वा जलवाहिनीसाठी पदपथ खोदला जातो आणि तो पूर्ववत होत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वाहिन्यांसाठी आधीच नळ टाकून ठेवणे, खोदणाऱ्याकडून ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून घेणे आणि पदपथाची वेळोवेळी चालून पाहणी करणे हे त्यावरील उपाय होत. फेरीवाल्यांचा प्रश्न केवळ हटविण्याने सुटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्यांना जागा नेमून देणे बंधनकारक आहे. चालणाऱ्यांची वर्दळ हे त्यांच्या व्यवसायाचे साधन असून त्यांच्यामुळे रस्त्यावर रात्री जाग राहते. पदपथावर उभी केलेली वाहने हा मात्र निव्वळ अडथळा होय. वाहनतळासाठी शुल्क आकारल्याशिवाय व दंडाची नियमित अंमलबजावणी केल्याशिवाय तो दूर होत नाही.

कायदेशीर स्थिती : सार्वजनिक रस्ते बांधणे, राखणे व त्यांवरील अडथळे दूर करणे ही महाराष्ट्रातील महानगरपालिकांची आवश्यक कर्तव्ये आहेत. वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मांडले गेले. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रस्त्याचा अभिकल्प, बांधकाम व देखभाल मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण व ठेकेदार यांना जबाबदार धरण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त पदपथाचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना पादचारी व यंत्ररहित वाहने यांच्यासंबंधी नियम करण्याचा आदेश दिला.

अशा मार्गांचे यश बांधलेल्या किलोमीटरांच्या संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. ती दिशाभूल करणारी ठरते. सुट्या तुकड्यांची बेरीज मोठी दिसते, पण तुकडा जेथे संपतो तेथेच माणूस वाहनांसमोर येतो. शाळेत एकटे जाणारे दहा वर्षांचे मूल, काठी टेकत रुग्णालयात निघालेली वृद्धा आणि रात्रपाळीहून सायकलीने परतणारा कामगार यांना घरापासून इच्छित स्थळापर्यंत कोठेही मोटारींच्या मार्गात न उतरता जाता येते काय, ही त्याहून अधिक विश्वसनीय कसोटी होय. सांगवीपुरते बोलायचे तर या कसोटीचा निर्णय मुख्यतः नद्यांवरील पूल व फाट्यावरील चौक येथेच लागतो. म्हणून सुधारणेचा आरंभही तेथूनच करणे इष्ट ठरते.